गिटमध्ये कमिट साइन होत नाही? गाडी नेमकी कुठे अडली ते शोधण्याची रीत

शिरपूरहून फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. "सर, कमिटच व्हत नही." पलीकडचा मुलगा एरवी माझ्याशी प्रमाण मराठीत बोलतो. तो अहिराणीवर आला की समजायचं, पोरगा बराच वेळ झगडतोय.

तो आणि त्याचे दोन मित्र रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या काट्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहीत होते. घडांचं वजन, त्या दिवसाचा भाव, आणि त्यावरून शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये तो ठेवायचा होता, आणि तिघांनी आधीच ठरवलं होतं की यातलं प्रत्येक कमिट, म्हणजे बदलाची प्रत्येक नोंद, साइन केलेलं असेल. नवी रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं गिटमधलं फोल्डर, थोडक्यात रेपो) उघडली, फाइली ॲड केल्या, आणि पहिल्याच कमिटला पडद्यावर या दोन ओळी आल्या:

एरर: जीपीजी फेल्ड टू साइन द डेटा
फेटल: फेल्ड टू राइट कमिट ऑब्जेक्ट

त्याने घाईत त्या ओलांडल्या आणि पुश करून, म्हणजे काम सर्व्हरवर पाठवून पाहिलं. आता वेगळाच संदेश: "एसआरसी रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी". पुढचा तासभर तो ब्रँचचं (कमिटांच्या रांगेचं) नाव मेन ठेवावं की मास्टर, यातच अडकला. ब्रँचचा काहीच दोष नव्हता. नव्या रिपॉझिटरीत पहिलं कमिट झालंच नसेल तर पुश करायला ब्रँचच नसते, म्हणून गिट म्हणतं, असं काही मला सापडत नाही. नवा रेपो उभा करताना हे फार जणांचं होतं. दुसरी चूक दिसते आणि माणूस तिच्याच मागे धावतो. म्हणून पुशची तक्रार आली तरी आधी "गिट लॉग" चालवून पाहा. तिथे एकही कमिट दिसत नसेल तर पुश विसरा, अडचण सहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात कमांड मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. डॅश, टिंब आणि मधली जागा मात्र जशीच्या तशी. मोठं अक्षर जिथे लागतं तिथे मी वेगळं सांगेन. आणि "की" हा शब्द मराठीत वाक्यावाक्याला येतो, त्यामुळे शिकवताना मी सरळ "किल्ली" म्हणतो. खाजगी किल्ली आपल्याजवळ, सार्वजनिक किल्ली जगाला दाखवायला.

सही बंद करून टाकू नका

अडलं की पहिला सल्ला मिळतो तो असा: "ते साइनिंग बंद करून टाक, काम तर होईल." काम होतंही. पण गिटमध्ये नाव आणि मेल ही फक्त तुम्ही भरलेली माहिती असते, तिची कुणी खातरजमा करत नाही. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. आज तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर त्यांचं नाव आणि मेल भरून कमिट केलं तर गिट अजिबात अडवणार नाही. इतिहासात ते त्यांनीच केल्यासारखं दिसेल.

आता केळीच्या त्या प्रोग्रामचा विचार करा. वजनातून किती टक्के घट धरायची, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने बदलली तर शेकडो पट्ट्या चुकतील आणि दोष नको त्याच्या माथी येईल. पट्टीवर नाव कुणीही लिहू शकतो, सही मात्र ज्याची त्यालाच करता येते. म्हणून तिघांचा हट्ट मला योग्य वाटला, आणि रात्री साडेदहाला फोनवर बसायलाही माझी काही तक्रार नव्हती.

आणखी एक गल्लत इथेच मिटवू. कमिट करताना लहान "-एस" दिला तर संदेशाखाली "साइन्ड-ऑफ-बाय" अशी एक साधी ओळ येते. ती सही नव्हे, तो फक्त मजकूर आहे. खरी सही मोठ्या "-एस" ने होते. "मी साइन केलं तरी साइटवर काहीच दिसत नाही" असं सांगणाऱ्यांना मी सगळ्यात आधी विचारतो, एस लहान होता की मोठा?

सही होताना आत काय घडतं

हे एकदा कळलं की अर्धी अडचण सुटते. गिट स्वतः सही करत नाही. ते कमिटचा मजकूर तयार करतं आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या हातात देतं, बहुतेक वेळा जीपीजीच्या. सोबत सांगतं, या किल्लीने सही कर. जीपीजी खाजगी किल्ली शोधतं, तिचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) विचारायला एजंटला, म्हणजे मागे चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रामला सांगतं, एजंट पिनएंट्री नावाची छोटी खिडकी उघडतो. सही तयार झाली की ती गिटकडे परत येते आणि कमिटच्या आत बसते. सही परत आलीच नाही तर गिट म्हणतं, कमिट लिहिता आलं नाही.

म्हणजे साखळीत गिट, जीपीजी, किल्ली, एजंट, खिडकी अशा कड्या आहेत, आणि कुठलीही तुटली तरी वर दिसणारा संदेश एकच. "जीपीजी फेल्ड टू साइन द डेटा" या वाक्यात काय बिघडलं ते काहीच नाही, फक्त बिघडलं एवढंच आहे. नव्या गिटमध्ये त्याखाली जीपीजीचं स्वतःचं म्हणणंही छापलं जातं. ते वाचायची सवय लावा.

पहिली चाचणी: गिटला बाजूला ठेवा

शिरपूरच्या मुलाला मी पहिली हीच कमांड द्यायला लावली:

इको "चाचणी" | जीपीजी --क्लिअरसाइन

पासफ्रेज विचारला गेला आणि खाली सहीसकट मजकूर छापला गेला, तर जीपीजी, किल्ली आणि एजंट ठीक आहेत. मग दोष गिटच्या सेटिंगमध्ये. इथेच अडलं तर गिटला हात लावायची गरजच नाही. या एका कमांडने शोधाचं शेत अर्धं होतं, म्हणून ती कधीच टाळू नका.

गिट नेमकी कुठली कमांड चालवतंय ते पाहायचं असेल तर कमिटच्या आधी "गिट_ट्रेस=१" लिहा, नाव मोठ्या अक्षरांत. लांबलचक मजकूर येईल. त्यात "रन_कमांड: जीपीजी" अशी ओळ शोधा. तिच्या शेवटी "-बीएसएयू" आणि त्यापुढे किल्लीची ओळख असते. ती ओळख तुमचीच आहे का? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, पुढे कळेल.

"नो सीक्रेट की"

सगळ्यात जास्त दिसणारा संदेश हाच. अर्थ सरळ आहे: ज्या किल्लीने सही करायला सांगितलं तिची खाजगी बाजू या मशिनवर सापडली नाही. कारणं मात्र चार-पाच असतात.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघू:

जीपीजी --लिस्ट-सीक्रेट-कीज --कीआयडी-फॉरमॅट=लाँग

"सेक" ने सुरू होणारी ओळ म्हणजे मुख्य खाजगी किल्ली. तिरक्या रेषेनंतरची १६ अक्षरं म्हणजे तिची ओळख. काहीच छापलं गेलं नाही तर किल्ली तयारच झालेली नाही, किंवा दुसऱ्या मशिनवर आहे, किंवा तुम्ही फक्त सार्वजनिक बाजू आणली आहे. पेन ड्राइव्हवरून "किल्ली" आणणारे अनेकदा सार्वजनिक फाइलच आणतात. ती आयात होते, संदेशही चांगला येतो, आणि सही मात्र होत नाही.

मग गिटला काय सांगितलंय ते बघा:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल यूझर.साइनिंगकी

ही कमांड किल्लीची ओळख तर दाखवतेच, शिवाय ती कुठल्या फाइलीतून आली हेही सांगते. शिरपूरला नेमकं इथेच सापडलं. तिघांपैकी एकाने सुरुवातीला आपली गिटची सेटिंग फाइल बाकीच्या दोघांना पाठवली होती, "यात सगळं तयार आहे" म्हणून. फाइलीत साइनिंग चालू होतं, आणि किल्लीची ओळख होती पाठवणाऱ्याची. दोघांच्या मशिनवर गिट तिसऱ्याची खाजगी किल्ली शोधत बसलं. ती तिथे नव्हती, आणि नसणंच बरोबर होतं. आपली ओळख भरली की काम झालं:

गिट कॉन्फिग --ग्लोबल यूझर.साइनिंगकी आणि पुढे आपली १६ अक्षरं

एक बारकावा. त्या रेपोपुरती वेगळी किल्ली नोंदवलेली असेल तर ग्लोबल सेटिंग तिच्यापुढे हरतं. ग्लोबल दहा वेळा बदललं तरी फरक पडत नाही आणि माणूस वैतागतो. म्हणून मी "शो-ओरिजिन" वर अडून बसतो.

साइनिंगकी भरलेलीच नसेल तर गिट तुमच्या नावामेलावरून किल्ली शोधायला सांगतं. किल्ली बनवताना कॉलेजचा मेल दिला आणि गिटमध्ये घरचा मेल भरला, तर पुन्हा तोच "नो सीक्रेट की". मेल तंतोतंत जुळवा, पण त्याहीपेक्षा ओळख स्वतः भरून मोकळे व्हा.

विंडोजवरची दोन घरं

विंडोजवर एक वेगळाच पेच आहे. गिट फॉर विंडोज आपल्यासोबत स्वतःचं जीपीजी आणतं. तुम्ही वर जीपीजीफोरविन बसवलं की मशिनवर दोन जीपीजी होतात आणि दोघांच्या किल्ल्यांच्या पेट्या वेगळ्या. क्लिओपात्रा नावाच्या खिडकीत तुमची किल्ली झळकते, गिट म्हणतं माझ्याकडे नाही. दोघंही खरं बोलत असतात.

कमांड प्रॉम्प्टमध्ये "व्हेअर जीपीजी" लिहा. पॉवरशेलमध्ये "व्हेअर.ईएक्सई जीपीजी" लिहावं लागतं, नुसत्या व्हेअरचा तिथे अर्थ वेगळा आहे. जिथे तुमची किल्ली आहे त्या जीपीजीचा पूर्ण पत्ता गिटला सांगा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल जीपीजी.प्रोग्राम "पूर्ण पत्ता"

अवतरणचिन्हं विसरू नका. "प्रोग्राम फाइल्स" या नावात जागा आहे, आणि अवतरण नसेल तर कमांड तिथेच तुटते.

खिडकीच उघडत नाही

लिनक्सवर चाचणी घेताना "इनअप्रोप्रिएट आयॉक्टल फॉर डिव्हाइस" असं आलं तर किल्ली शाबूत आहे. पासफ्रेज कुठे विचारायचा हे एजंटला कळत नाहीये. त्याला तुमचं टर्मिनल दाखवा:

एक्सपोर्ट जीपीजी_टीटीवाय=$(टीटीवाय)

बरोबर चिन्हाच्या डावीकडचं नाव मोठ्या अक्षरांत, कंसातलं लहान. हीच ओळ घरच्या फोल्डरमधल्या ".बॅशआरसी" च्या शेवटी टाका, मॅकवर ".झेडएसएचआरसी" च्या, म्हणजे प्रत्येक वेळी लिहावी लागणार नाही.

"नो पिनएंट्री" असा संदेश असेल तर ती खिडकी दाखवणारा प्रोग्रामच बसवलेला नाही. उबुंटूवर "पिनएंट्री-कर्सेस" किंवा डेस्कटॉपसाठी "पिनएंट्री-जीनोम३" बसवा, मॅकवर होमब्रूने "पिनएंट्री-मॅक". मग ".जीएनयूपीजी" फोल्डरमधल्या "जीपीजी-एजंट.कॉन्फ" फाइलीत "पिनएंट्री-प्रोग्राम" लिहून त्यापुढे त्याचा पूर्ण पत्ता द्या आणि एजंटला नव्याने उठवा:

जीपीजीकॉन्फ --किल जीपीजी-एजंट

मारल्यावर तो पुढच्या सहीला आपोआप उठतो. फाइल बदलली आणि एजंट जुनाच चालू राहिला, तर बदल लागू होत नाही. ही चूक मी प्रत्येक वर्गात पाहतो.

एडिटरमधून कमिट करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. व्हीएस कोड चिन्हावर क्लिक करून उघडलं तर त्याच्यामागे टर्मिनल नसतं, त्यामुळे अक्षरांची पिनएंट्री तिथे दिसणारच नाही. खिडकीवाली पिनएंट्री बसवा. तोवर टर्मिनलमध्ये एकदा चाचणीची सही करून घ्या, म्हणजे एजंट पासफ्रेज काही वेळ लक्षात ठेवतो. मुळात तो ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं ठेवतो. प्रत्येक वापराला ही मिनिटं पुन्हा मोजली जातात, पण ७२०० सेकंद झाले की काहीही असो, पुन्हा विचारतो. "सकाळी चालत होतं, जेवून आलो तर बंद" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच. "डिफॉल्ट-कॅश-टीटीएल" या सेटिंगने ती वेळ वाढवता येते. सगळ्यांचा हात लागतो अशा मशिनवर मात्र वाढवू नका.

फैजपूरचा तो जुना कॉम्प्युटर

आता एक असा दोष, जो फार कुणी सांगत नाही पण आपल्याकडे भेटतो. फैजपूरला एका ओळखीच्यांच्या दुकानात जुना डेस्कटॉप आहे. त्यावर किल्ली आयात केली, ओळख बरोबर, पासफ्रेज बरोबर, तरी सही होईना. जीपीजी सांगत होतं की ही किल्ली अमुक इतके कोटी सेकंद भविष्यात तयार झाली आहे, आणि त्यापुढे "टाइम वॉर्प ऑर क्लॉक प्रॉब्लेम".

मी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. १ जानेवारी २००९. दुकानाची वीज रात्रभर गेली होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला, त्यामुळे वीज गेली की मशिनचं घड्याळ पहिल्या पानावर. किल्ली अलीकडची, मशीन २००९ मध्ये. जन्मालाच न आलेल्या किल्लीने सही कशी होणार? कॅबिनेट उघडलं, धूळ फुंकली, सीआर२०३२ सेल बदलला, तारीख लावली. गिटची एकही सेटिंग न बदलता सही झाली.

अशी शंका आली तर ब्राउझर उघडा. एकाएकी सगळ्याच साइटवर सुरक्षिततेचा इशारा येत असेल तर बहुधा घड्याळच चुकलंय. लिनक्सवर "टाइमडेटसीटीएल" लिहिलं की तारीख आणि इंटरनेटवरून वेळ जुळवणं चालू आहे का, दोन्ही दिसतं.

विजेचाच दुसरा फटका. सही चालू असताना लाइट गेली तर जीपीजीचं कुलूप मागे राहू शकतं. मग नंतर "वेटिंग फॉर लॉक" असा संदेश येऊन सगळं ताटकळतं. संदेशात प्रोसेसचा आकडा असतो. त्या आकड्याचं जीपीजी खरंच चालू आहे का ते "पीएस" ने पाहा. चालू नसेल तरच ".जीएनयूपीजी" फोल्डरमधली "लॉक" ने संपणारी फाइल काढा. चालू असेल तर हात लावू नका, नाहीतर किल्ल्यांची पेटी बिघडू शकते.

मुदत संपली, मालक बदलला

किल्लीच्या यादीत "एक्स्पायर्ड" दिसलं तर घाबरू नका. किल्ली मेलेली नाही, फक्त मुदत वाढवायची आहे:

जीपीजी --क्विक-सेट-एक्स्पायर फिंगरप्रिंट २वाय

इथे १६ नव्हे, पूर्ण ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट लागतो. सही उपकिल्लीने (मुख्य किल्लीखालच्या दुय्यम किल्लीने) होत असेल तर तीच कमांड शेवटी अवतरणात तारा-चिन्ह देऊन पुन्हा चालवा, म्हणजे उपकिल्ल्यांचीही मुदत वाढते. त्यानंतर सार्वजनिक किल्ली गिटहबवर (ज्या साइटवर आपण पुश करतो तिथे) पुन्हा चढवायला हवी. नाहीतर तिथे जुनी मुदतच राहते.

"अनसेफ पर्मिशन्स" किंवा "पर्मिशन डिनाइड" आलं तर बहुधा कुणीतरी कधीतरी "सुडो" लावून, म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने जीपीजी चालवलंय. मग त्या फोल्डरमधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होतात. "सीएचओडब्ल्यूएन" ने मालकी परत घ्या, फोल्डरला "सीएचमॉड ७००" द्या. सहीच्या कामात सुडो कधीच लागत नाही.

नव्याने सुरू करत असाल तर एसएसएच

हे सगळं वाचून कुणी विचारेल, यापेक्षा सोपं काही नाही का? आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या गिट २.३४ पासून एसएसएचच्या (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या) किल्लीनेही सही करता येते, आणि २०२२ पासून गिटहब ती सही ओळखतं. पुश करण्यासाठी तुमच्याकडे बहुधा ती किल्ली असतेच. नव्या विद्यार्थ्यांना मी आता हीच वाट दाखवतो. जीपीजी फक्त त्यांनीच घ्यावं ज्यांच्या कामाच्या ठिकाणी ते लागतं, किंवा ज्यांना किल्लीला मुदत आणि उपकिल्ल्या हव्या आहेत.

गिट कॉन्फिग --ग्लोबल जीपीजी.फॉरमॅट एसएसएच
गिट कॉन्फिग --ग्लोबल यूझर.साइनिंगकी ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९.पब
गिट कॉन्फिग --ग्लोबल कमिट.जीपीजीसाइन ट्रू

तिसऱ्या ओळीनंतर मोठा एस द्यायची गरज उरत नाही. नावात जीपीजी असलं तरी ती एसएसएचलाही लागू होते.

इथे अडण्याच्या जागा कमी आहेत, पण आहेत. "अनसपोर्टेड व्हॅल्यू फॉर जीपीजी.फॉरमॅट" म्हणजे गिट जुनं. "गिट --व्हर्जन" पाहा आणि नवं बसवा. "नो सीक्रेट की" सोबत किल्लीऐवजी फाइलीचा पत्ता दिसला तर पहिली ओळ राहून गेली, म्हणून गिट एसएसएचची फाइल जीपीजीला देतंय. याच्या उलट, "कुडन्ट लोड पब्लिक की" आणि पुढे १६ अक्षरं दिसली तर पहिली ओळ आहे पण साइनिंगकीत जुनी जीपीजीची ओळख पडून आहे.

पेन ड्राइव्हवरून आणलेल्या खाजगी किल्लीवर "अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल" असा मोठा इशारा येतो. फाइल सगळ्यांना वाचता येते म्हणून एसएसएच ती वापरायला नकार देतं. "सीएचमॉड ६००" करा. आणि विंडोजवर इथेही दोन घरं आहेत: गिटचं एसएसएच वेगळं, विंडोजचं वेगळं. किल्ली विंडोजच्या एजंटमध्ये भरली असेल तर "जीपीजी.एसएसएच.प्रोग्राम" मध्ये विंडोजच्या "एसएसएच-कीजेन.ईएक्सई" चा पत्ता द्या.

सही झाली, आता तपासा:

गिट लॉग --शो-सिग्नेचर -१

एसएसएचमध्ये इथे "अलाउडसाइनर्सफाइल नीड्स टू बी कॉन्फिगर्ड" अशी तक्रार येते आणि लोकांना वाटतं सही फसली. सही झालेली आहे. कुणाची सही खरी मानायची याची यादी तुम्ही गिटला दिलेली नाही, एवढंच. एक साधी फाइल बनवा. प्रत्येक ओळीत एकाचा मेल, मग जागा, मग त्याच्या सार्वजनिक किल्लीची ओळ. तिचा पत्ता "जीपीजी.एसएसएच.अलाउडसाइनर्सफाइल" मध्ये भरा. शिरपूरच्या तिघांनी त्याच रात्री शेवटी एसएसएचची वाट धरली, तिन्ही मेल आणि तिन्ही किल्ल्या एका फाइलीत ठेवल्या आणि ती फाइल रेपोमध्येच घातली. मला ते आवडलं. नवा माणूस आला की त्याचं नाव यादीत कुणी आणि कधी घातलं तेही इतिहासात राहतं, सहीनिशी.

साइटवर "अनव्हेरिफाइड" का?

मशिनवर सही खरी, गिटहबवर पिवळा शिक्का. तीन गोष्टी पाहा. कमिटमधला मेल तुमच्या खात्यात नोंदवून पडताळलेला आहे का? सार्वजनिक किल्ली खात्यात चढवली आहे का? आणि एसएसएच असेल तर ती "साइनिंग की" म्हणून चढवली का? पुशसाठी चढवलेली "ऑथेंटिकेशन की" सहीला चालत नाही. तीच किल्ली दुसऱ्या प्रकाराखाली पुन्हा चढवावी लागते. हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगतो.

शिक्काच नसेल, ना हिरवा ना पिवळा, तर कमिटवर सहीच नाही. सगळा इतिहास एका नजरेत पाहायचा तर:

गिट लॉग --प्रिटी="%एच %जी? %एएन"

यातला "जी" तेवढा मोठा. मधल्या रकान्यात एक अक्षर येतं: जी म्हणजे खरी सही, एन म्हणजे सहीच नाही, बी म्हणजे खोटी. यू म्हणजे सही बरोबर पण किल्लीवर तुम्ही विश्वास नोंदवलेला नाही, आणि ई म्हणजे तपासता आली नाही, बहुधा समोरच्याची सार्वजनिक किल्ली तुमच्याकडे नाही म्हणून. बी दिसला तर काम थांबवा आणि त्या कमिटच्या मालकाला फोन करा.

एन वाल्या जुन्या कमिटांचं काय? शेवटचं एकच असेल तर:

गिट कमिट --अमेंड --नो-एडिट -एस

एस मोठा. अनेक असतील तर रिबेस करताना, म्हणजे कमिटं नव्याने रचताना, मोठा एस द्या. पण सही कमिटच्या आतच बसते, त्यामुळे कमिटचा ओळख-आकडा (हॅश) बदलतो, आणि पुश झालेलं असेल तर इतिहास दोन वाटांना लागतो. मित्रांना विचारल्याशिवाय हे करू नका, आणि करायचंच तर "--फोर्स-विथ-लीज" ने. माझं मत विचाराल तर जुनी बिनसहीची कमिटं तशीच राहू द्या, आजपासूनची साइन करा. साध्या रिबेसनेही आधीच्या सह्या गळून पडतात, म्हणून कमिट.जीपीजीसाइन चालूच ठेवा.

किल्लीची पाठराखण

शेवटचं काम लोक टाळतात आणि हार्ड डिस्क गेल्यावर रडतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा कूलरशिवायच्या खोलीतल्या जुन्या डिस्कवर मी भरवसा ठेवत नाही. जीपीजीची खाजगी किल्ली अशी बाहेर काढा:

जीपीजी --आर्मर --एक्सपोर्ट-सीक्रेट-कीज आणि पुढे ओळख

छापलं जाईल ते फाइलीत घ्या, पेन ड्राइव्हवर ठेवा, पेन ड्राइव्ह कपाटात. व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर स्वतःलाही पाठवू नका. ".जीएनयूपीजी" मधल्या "ओपनपीजीपी-रेव्होक्स.डी" फोल्डरात किल्ली बनवतानाच एक रद्दपत्र तयार झालेलं असतं. किल्ली चोरीला गेली तर ती बाद करायला ते लागतं, तेही त्याच कपाटात ठेवा, पण वेगळ्या पेन ड्राइव्हवर.

शिरपूरचा फोन रात्री पावणेबाराला संपला. मी त्याला शेवटची कमांड द्यायला सांगितली आणि पडद्यावर काय येतं ते मोठ्याने वाचायला लावलं. त्याने इंग्रजीतली ओळ अडखळत वाचली, "गुड... गिट सिग्नेचर फॉर...", आणि पुढे स्वतःचाच मेल पत्ता वाचताना थांबला. मग म्हणाला, "सर, माझंच नाव शे."